आंघोळीनंतर शो डॉगचा कोट सपाट कसा बसवायचा?

सेटरप्रेमी

हा धागा कुत्र्यांच्या प्रदर्शनात (शोमध्ये) उतरवल्या जाणाऱ्या, मुख्यतः रेशमी, अंगालगत बसणाऱ्या कोटाच्या (म्हणजे अंगावरच्या केसांच्या) जातींसाठी काढतोय: आयरिश आणि इंग्लिश सेटर, इंग्लिश कॉकर, स्प्रिंगर, फ्लॅट-कोटेड रिट्रीव्हर. नेहमीची तक्रार अशी की आंघोळीआधी पाठ चापूनचोपून बसलेली असते, आणि धुऊन वाळवली की पुठ्ठ्यावर (शेपटीआधीच्या भागावर) लाटा येतात, खांद्यामागचे केस उभे राहतात, शेपटीच्या मुळाशी वळलेल्या बटा दिसतात. शाम्पू बदलून पाहिला जातो, कंडिशनर वाढवला जातो, तरी पाठ तशीच.

आयरिश सेटरच्या जातिमानकात (जातीचा कुत्रा कसा असावा याच्या अधिकृत वर्णनात) कोट सपाट आणि शक्य तितका लाटा व कुरळेपणाविना असावा असं लिहिलेलं आहे. वरची रेषा, म्हणजे मानेपासून शेपटीपर्यंतची पाठीची रेघ, बघताना परीक्षकाची नजर आधी पाठीवरच जाते. उठलेल्या कोटामुळे सरळ पाठसुद्धा मध्ये खचलेली किंवा मागे उंच वाटते. जाणकारांनी कृपया टप्प्याटप्प्याने लिहावं. मोघम 'चांगला कंडिशनर वापरा' नको.

पिनब्रश

शाम्पूवर जेवढी चर्चा होते तेवढी वाळवण्यावर होत नाही, आणि गोम सगळी तिथेच आहे.

केस ओला झाला की त्याच्या केराटिनमधले (केस ज्याचा बनलेला असतो त्या प्रथिनातले) हायड्रोजन बंध सुटतात. पाणी उडून जाताना ते पुन्हा जुळतात, आणि जुळताना केस ज्या स्थितीत असेल ती स्थिती पक्की होते. केस उभा असताना वाळला तर उभा राहणार, वळलेला असताना वाळला तर वळलेला राहणार. एकदा पूर्ण वाळल्यावर कितीही ब्रश मारा, तो थोडा वेळ दबेल आणि पुन्हा वर येईल. म्हणून केसातली शेवटची ओल जाते त्या वेळी केस अंगालगत, वाढीच्या दिशेने, ताणलेला असला पाहिजे. अंग चिंब असताना ड्रायर कसा फिरवला याने फारसं बिघडत नाही. दमटपणाकडून कोरडेपणाकडे जातानाची वेळ सांभाळायची.

त्यामुळे सगळ्यात मोठी गफलत म्हणजे पाठ आपोआप वाळू देणं आणि ड्रायर आधी पायांवर, पोटावर धरणं. पायांची झालर (कडेचे लोंबते केस) लांब आणि दाट, तिला वेळ लागतो. तोवर पाठीचे आखूड केस हवेवर स्वतःच्या मर्जीने वाळून मोकळे होतात. मग एक तर पाठ आधी वाळवा, नाही तर पाठ टॉवेलखाली दाबून ठेवा आणि पाय करा.

आंघोळीआधीचं काम थोडक्यात: संपूर्ण अंग मुळापर्यंत विंचरून घ्या. गुंता पाण्याने आवळला जातो, त्यात शाम्पू अडकतो, धुतला जात नाही आणि तेवढा भाग शेवटपर्यंत ओला राहतो. कानामागे, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला पोलादी कंगव्याचं बारीक टोक अडखळता कामा नये. अडखळलं तर अंग भिजवायचं नाही.

टॉवेलपिन

पिनब्रश यांच्याशी सहमत. टॉवेल बांधायची पद्धत सविस्तर लिहितो, कारण अर्धवट बांधलेला टॉवेल न बांधल्यापेक्षा वाईट.

टॉवेल पातळ सुती हवा. जाड, गुबगुबीत टॉवेल भरपूर पाणी धरून ठेवतो, खालची हवा कोंडते आणि पाठ तासभर ओलीच राहते. लांबी मानेपासून शेपटीच्या मुळाच्या चार बोटं पुढेपर्यंत, रुंदी दोन्ही बाजूंनी पोटाखाली एकमेकांवर चार बोटं चढेल एवढी. मोठ्या, टोकाला झाकण असलेल्या सेफ्टी पिना घ्या. तान्ह्या बाळांच्या लंगोटाला लावतात तशा चालतात.

आंघोळीनंतर दुसऱ्या टॉवेलने पाणी टिपून घ्या. टिपायचं, चोळायचं नाही. चोळलं की केसांची टोकं एकमेकांत अडकतात आणि दिशा बिघडते. मायक्रोफायबरचं कापड असेल तर ते पाठीवर ठेवून वरून तळव्याने दाबा, पिळा, पुन्हा दाबा. पाणी ठिबकायचं थांबलं की पाठीवर अगदी हलका कंडिशनिंग स्प्रे मारा आणि कंगव्याने डोक्याकडून शेपटीकडे, बरगड्यांवर तिरकं खाली आणि मागे, असं केस वाढतात त्या दिशेने बसवा. कंगव्यानंतर ब्रिसल ब्रश (दाट, राठ केसांचा ब्रश). या टप्प्याला पाठ पाण्याने चिकटल्यासारखी दिसली पाहिजे. इथे जी लाट दिसेल ती टॉवेल काढल्यावरही दिसणार.

आता टॉवेल. पुढची कड कानांच्या मागे, मानेवर. पहिली पिन गळ्याखाली. मग टॉवेल दोन्ही हातांनी शेपटीकडे ताणून ओढा आणि ताण न सोडता दुसरी पिन छातीच्या मागे, कोपरांच्या पाठीमागे पोटाखाली लावा. तिसरी कंबरेपाशी. चौथी मागे, मांड्यांच्या आतून शेपटीखाली, म्हणजे पुठ्ठ्यावर टॉवेल घट्ट बसतो. कुत्रा नर असेल तर पोटाखालची शेवटची पिन शिश्नाच्या पुढेच थांबवा, नाही तर टॉवेल लघवीने भिजतो. प्रत्येक पिन लावताना टॉवेल आणि कातडी यांच्या मध्ये आपलं बोट घालून ठेवा.

बांधून झाल्यावर तळहात टॉवेलखाली मागच्या दिशेने सरकवून केस पुन्हा एकदा बसवा. टॉवेल ओढताना ते थोडे सरकतात. टॉवेलवर सुरकुती दिसली तर पिन काढून पुन्हा लावा, कारण सुरकुतीची रेघ कोटावर जशीच्या तशी उमटते.

मग पाय, पोट, छातीची झालर आणि कान ड्रायरने वाळवा. अधूनमधून टॉवेलवरूनही हलकी गरम हवा फिरवा. टॉवेल कधी काढायचा? खाली बोट घातलं की केस ओले न लागता नुसते गारसर लागले पाहिजेत. तेव्हा पिना काढा, ड्रायर सगळ्यात कमी वेगावर, हवेचा झोत शेपटीकडे, आणि झोताच्या मागोमाग ब्रिसल ब्रश. पाठ पूर्ण कोरडी होईपर्यंत हे. शेवटी थंड हवा.

झालर

+१. भर एवढीच की टॉवेल बांधलेला कुत्रा एकटा सोडू नये. पिन चावून उघडणं, अंग घासून टॉवेल फिरवणं, दोन्ही होतं. पिंजऱ्यात टॉवेलसकट ठेवून बाजूला गरम हवेचा ड्रायर लावून निघून जाणं तर अजिबात नको. कुत्र्याचं शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तो मुख्यतः धापून उष्णता बाहेर टाकतो, आणि बंद पिंजऱ्यात गरम, दमट हवेत धापून काही उपयोग होत नाही. आखूड नाकाच्या जातींमध्ये उष्माघात फार लवकर होतो.

शेपूटवर

टॉवेल न वापरता नुसत्या ड्रायरने सपाट कोट मिळतो का? मोठ्या वेगाचा ब्लोअर आहे. त्याने पाणी पटकन उडतं, पण पाठ फुललेली दिसते.

पिनब्रश

मिळतो, पण ब्लोअर कुठपर्यंत वापरायचा हे ठरवून घ्या.

मोठ्या वेगाच्या ब्लोअरचं काम पाणी ढकलून बाहेर काढणं. नळी अंगाला काटकोनात धरली तर केस दुभंगून कातडी दिसते, पाणी आणि मेलेली लव (वरच्या केसांखालचा मऊ थर) उडून जाते. पूडलला, बिशाँला हेच हवं असतं, कारण तिथे प्रत्येक केस मुळापासून उभा करायचा असतो. सेटरच्या पाठीवर तोच प्रकार शेवटपर्यंत केला तर पाठ फुलणारच.

म्हणून ब्लोअर सुरुवातीला, तोही पाठीवर सपाट कोनात. नळीचं तोंड जवळजवळ अंगाला समांतर, झोत डोक्याकडून शेपटीकडे, अंतर १५ सेंटिमीटरच्या आसपास. पाण्याची रेघ पुढे सरकत जाते, तिच्या मागोमाग जायचं. पाठ चिंब राहिली नाही, दमट झाली, की ब्लोअर बाजूला ठेवायचा. तिथून पुढे स्टँड ड्रायर किंवा साधा हातातला ड्रायर, मध्यम गरम, २० ते ३० सेंटिमीटरवरून, आणि प्रत्येक पट्ट्यावर ब्रश. एका वेळी तळहाताएवढा भाग. तो पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पुढच्या भागावर जायचं नाही. बाकीची पाठ तोवर ओलसर राहावी म्हणून तिच्यावर ओला टॉवेल टाकून ठेवा, किंवा स्प्रेने पुन्हा दमट करा.

हवा किती गरम? आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूवर झोत धरून बघा. दहा सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर ती कुत्र्याला जास्त आहे.

ब्लोअर चालू करण्याआधी कानांवर सैल लवचीक पट्टी चढवा आणि कानात कापसाचा बोळा ठेवा, नंतर आठवणीने काढा. तोंडावर ब्लोअर नको. डोकं टॉवेलने आणि लहान ड्रायरच्या मंद हवेने.

रेशीमकोट

वर जे लिहिलंय ते मध्यम लांबीच्या कोटाला लागू. माल्टीज, यॉर्कशायर टेरियर, शित्झू, अफगाण यांच्या जमिनीपर्यंत येणाऱ्या कोटावर ब्लोअरची अरुंद नळी लावू नका. झोताच्या टोकाला लांब केस चाबकासारखे फडफडतात आणि टोकांना बारीक गाठी पडतात. त्या सोडवताना केस तुटतात. नळीचं निमुळतं तोंड काढून टाका, हवा लांबून द्या, आणि झोत एका जागी रोखून धरू नका.

या कोटाचं वाळवणं थरांमध्ये होतं. कुत्रा कुशीवर झोपवायचा. कंगव्याच्या टोकाने खालून एक आडवी रेघ पाडायची, वरचा सगळा कोट वर उलटवून क्लिपने धरायचा. मोकळा राहिलेला पातळ थर पिन ब्रशने मुळापासून टोकापर्यंत ताणत, स्टँड ड्रायरची हवा त्याच दिशेने देत कोरडा करायचा. मग बोटभर वर दुसरी रेघ. कणा येईपर्यंत असंच, आणि मग दुसरी कूस. जे थर थांबलेत ते ओलसरच राहिले पाहिजेत, स्प्रेची बाटली हाताशी ठेवा. तारांच्या टोकांना गोळे असलेला पिन ब्रश इथे नको. गोळ्यांत केस अडकून तुटतात. गुळगुळीत घासलेल्या उघड्या टोकांचा घ्या.

आणि पाठीवरचा भांग शेवटी, सगळं कोरडं झाल्यावर. ओल्या कोटात पाडलेला भांग वाळताना वाकडा होतो.

ग्रूमिंगटेबल

आंघोळीतल्या चुकांकडेही बघा. वाळवणं बरोबर करूनही कोट जड, चिकट किंवा राठ वाटत असेल तर कारण बहुधा तिथेच असतं.

शाम्पू पातळ करून घ्या. बाटलीवर १:१० लिहिलं असेल तर १०० मिलिलिटर शाम्पूला १ लिटर पाणी. दाट शाम्पू सरळ पाठीवर ओतला की एका जागी जास्त बसतो, पोटाखाली पोचतच नाही, आणि पाठीवरून धुऊन निघत नाही. पाणी कोमट, ३७ अंशांच्या वर नको. आधी अंग मुळापर्यंत भिजवा. दाट कोटात पाणी कातडीपर्यंत जायलाच काही मिनिटं लागतात. शाम्पू लावताना बोटं केसांच्या दिशेने चालवा, गोल गोल चोळू नका. गोल चोळण्यानेच निम्मा गुंता होतो. शाम्पू दोनदा: पहिला मळ काढतो, दुसरा कोट स्वच्छ करतो. दुसऱ्या वेळी भरपूर फेस आला म्हणजे तेलकटपणा गेला.

धुवायला शाम्पू लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. पाणी स्वच्छ दिसणं पुरेसं नाही. काख, छातीची झालर, मांड्यांमागचे केस मुठीत धरून पिळा. निथळणाऱ्या पाण्यात फेस दिसला तर अजून धुवा. राहिलेला शाम्पू वाळला की कोट निस्तेज दिसतो, कातडी खाजते, कोंडा दिसतो, आणि केस एकमेकांना चिकटून लटा पडतात.

माणसांचा शाम्पू नको. माणसाच्या कातडीचा पीएच साधारण ५.५ च्या आसपास, कुत्र्याचा त्यापेक्षा जास्त, उदासीनाच्या जवळ. कुत्र्यासाठी बनवलेलं उत्पादनच वापरा.

कंडिशनर कसा काम करतो हे कळलं तर प्रमाण आपोआप कळेल. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो. कंडिशनरमधले धन भाराचे रेणू त्याला चिकटतात, केसाच्या पृष्ठभागावरच्या खवल्यांवर थर देतात, घर्षण आणि स्थिर वीज दोन्ही कमी होतात. हा थर पातळच हवा. बसायच्या जागा भरल्या की वरचं सगळं ओझं होतं. पाठीवरचा कोट त्याने सपाट बसण्याऐवजी तेलकट होतो आणि विभागून कातडी दिसते. माझ्या मते सेटर-कॉकरच्या पाठीला अगदी पातळ कंडिशनर पुरतो. झालर, कान आणि शेपटीला नेहमीच्या प्रमाणात लावा, २ ते ३ मिनिटं ठेवा, धुवा.

शेपूटवर

पाणी जड आहे. शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालावं का? दोन्ही मतं ऐकली आहेत.

ग्रूमिंगटेबल

जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, कोट राठ आणि फिका दिसतो. साधं पांढरं व्हिनेगर, म्हणजे ५ टक्के ॲसेटिक ॲसिड, १ लिटर पाण्याला एक मोठा चमचा, १५ मिलिलिटर. शाम्पूनंतर ओता, मिनिटभर ठेवा, धुऊन टाका, मग कंडिशनर. डोळ्यांजवळ नाही, खरचटलेल्या किंवा लाल कातडीवर तर नाहीच.

रेशीमकोट

माझं मत वेगळं आहे. बहुतेक चांगले कंडिशनर मुळातच आम्ल असतात, खवले मिटवण्याचं काम तेच करतात. व्हिनेगर दर आंघोळीला घातलं तर लांब कोट कोरडा वाटू लागतो. जड पाणी असेल तर शेवटचं धुणं गाळलेल्या किंवा क्षार काढलेल्या पाण्याने करा. एका लहान कुत्र्याला दोन-तीन लिटर पुरतं.

ग्रूमिंगटेबल

लहान कुत्र्यासाठी मान्य. सेटरला शेवटच्या धुण्यालाच बादल्या लागतात, तिथे ते जमत नाही. दर आंघोळीला नको हे मात्र बरोबर. क्षार साचल्यासारखे वाटले तरच.

टॉवेलपिन

एक मुद्दा अजून कुणी मांडला नाही: मेलेली लव. पाठ उठण्याचं कारण अनेकदा वरच्या केसात नसतं. खाली सुटलेली, न पडलेली लव साचलेली असते, ती वरच्या केसांना ढकलून उभं करते. टॉवेल कितीही ताणा, काढल्यावर अर्ध्या तासात पाठ पुन्हा फुगते.

ओळखायची खूण अशी: पाठीवरचे केस उलटे करून बघा. मुळाशी फिकट, मऊ, लोकरीसारखा थर दिसला आणि चिमटीत धरून हलकेच ओढल्यावर सहज निघाला तर ती मेलेली लव. ती काढायला बारीक दातांची स्ट्रिपिंग सुरी कातडीला जवळजवळ सपाट धरून केसांच्या दिशेने ओढतात. सुरीने कापायचं नाही, नुसतं विंचरायचं. किंवा स्ट्रिपिंगचा सच्छिद्र दगड, किंवा बोटांवर रबरी टोप्या घालून चिमटीने. कातडी दुसऱ्या हाताने ताणून धरा.

हे काम शोच्या आदल्या रात्री करू नका. आठवडा-दहा दिवस आधी करा, म्हणजे कातडी शांत होते, कोट पुन्हा बसतो. मधल्या दिवसांत रोज ब्रिसल ब्रश.

आणि पाठीवर केस कापायचं मशीन फिरवून हा प्रश्न सोडवायला जाऊ नका. मशीनने वरचा रेशमी केस कापला जातो, लव तिथेच राहते, आणि पुढे कोट मऊ, फिका, लोकरी होत जातो. पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, कधी कधी होतच नाही.

झालर

याच संदर्भात: नसबंदी झालेल्या सेटर, स्पॅनियल कुत्र्यांमध्ये संप्रेरकं बदलल्यामुळे कोट लोकरी आणि भरमसाट होतो. तो टॉवेलने आणि कंडिशनरने बदलत नाही. हाताने लव काढत राहणं एवढाच उपाय. अशा कोटाशी तुलना करून आपली पद्धत चुकते आहे असं समजू नये.

राठकेस

वायर कोटवाल्यांसाठी चार ओळी, कारण ते इथलं वाचून आदल्या दिवशी आंघोळ घालतील.

वायर फॉक्स टेरियर, एअरडेल, श्नाउझर यांचा पाठीवरचा राठ कोट शोच्या तोंडावर धुवायचा नसतो. धुण्याने तेल जातं, केस मऊ पडतो आणि उठतो. परीक्षक राठपणाच तपासतो. पाय, दाढी, पोटाखालचे केस धुवा. पाठ दमट कापडाने पुसा आणि ब्रश करा. पाठ धुवावीच लागली तर बरेच दिवस आधी, कंडिशनरशिवाय, आणि वर टॉवेलपिन यांनी सांगितल्याप्रमाणे टॉवेल बांधून वाळवा. टॉवेल बांधण्याची ती पद्धत आमच्या जातींनाही तितकीच उपयोगी पडते.

सेटरप्रेमी

फार उपयुक्त. आता वेळेचं सांगा. सपाट कोटाला आंघोळ शोच्या किती आधी? आणि सकाळी उठल्यावर कुत्रा झोपेत एका कुशीला दबलेला असतो, तो कोट कसा सावरायचा?

पिनब्रश

आंघोळीनंतर कातडीतलं तेल केसावर परत यायला एक-दोन दिवस लागतात आणि त्यानेच पाठ जड होऊन बसते, चमक येते. सेटर, स्प्रिंगर, फ्लॅट-कोटेडसाठी पाठ दोन दिवस आधी धुवा. पाय, झालर आणि पांढरे भाग आदल्या संध्याकाळी पुन्हा. लांब रेशमी कोट मात्र आदल्या दिवशीच, कारण तिथे तेलाने लटा पडतात. लॅब्राडॉरसारख्या आखूड, पाणी झटकणाऱ्या कोटाला तीन-चार दिवस आधी. त्यातलं तेल आणि आतली लव यांमुळेच त्या कोटाला पोत येतो, आणि धुतल्या धुतल्या तो फुगलेला, मऊ लागतो.

सकाळच्या दुरुस्तीला पुन्हा सगळं भिजवू नका. बारीक फवाऱ्याने साधं पाणी, दमट होईल एवढंच. पाणी मुळापर्यंत पोचलं पाहिजे, नाही तर वरचा थर बसतो आणि खालून पुन्हा उठतो. हाताने केस थोडे उलटे करून फवारा, मग दिशेने विंचरा, ब्रिसल ब्रश, टॉवेल. २० ते ३० मिनिटं. काढल्यावर मंद हवा आणि ब्रश. रिंगमध्ये (परीक्षण होतं त्या जागेत) जाण्याआधी कोट पूर्ण थंड आणि कोरडा हवा. गरम असताना सपाट दिसणारा कोट थंड होताना थोडा हलतो, म्हणून थंड झाल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

दमट हवेत कोट टिकत नाही, कारण हवेतली वाफ तेच बंध पुन्हा सोडवते. अशा दिवशी टॉवेल रिंगच्या दारापर्यंत अंगावर राहू द्या. कोरड्या हवेत उलट त्रास: स्थिर विजेने केस उडतात, कंगव्याला चिकटतात. प्लॅस्टिकचा ब्रश टाळा, हात किंचित ओले करून पाठीवरून फिरवा. अगदी कोरड्या केसावर ब्रश नकोच. १ भाग कंडिशनर आणि २० भाग पाणी असा फवारा हलका मारून मग.

शेपूटवर

हेअर स्प्रे, सिलिकॉनचे स्प्रे? सिलिकॉनने तर पाठ काचेसारखी बसते असं सांगतात.

झालर

नियम आधी वाचा. ब्रिटनच्या द रॉयल केनेल क्लबच्या (पूर्वीचं नाव द केनेल क्लब) नियमांनुसार कोटाचा नैसर्गिक रंग, पोत किंवा भरदारपणा बदलणारा कोणताही पदार्थ शोमध्ये कुत्र्याच्या कोटात असता कामा नये. इतर ठिकाणचे नियम शब्दांत वेगळे असले तरी रोख तोच आहे. तयारीत वापरलेलं रिंगमध्ये जाण्याआधी निघालं पाहिजे. आपल्या शोची नियमावली काढून बघा आणि संशय असेल तर वापरू नका.

सिलिकॉनचा तांत्रिक त्रासही आहे. थर थरावर चढतो, धूळ धरतो आणि पुढच्या आंघोळीत पाणी केसात नीट शिरत नाही. वापरायचंच असेल तर सरावाच्या दिवसांत, झालरीच्या टोकांना, गुंता कमी व्हावा म्हणून. पाठीला नको.

रेशीमकोट

केस सरळ करायची इस्त्री वापरणाऱ्यांनी एवढं पाळा: केस शंभर टक्के कोरडा, उष्णता सगळ्यात कमी, एका बटेवरून एकच फेरा, कातडीपासून दोन बोटं दूर. दमट केसावर इस्त्री लावली की आतलं पाणी उकळून केसाच्या गाभ्यात बुडबुडे होतात, आणि तिथे केस तुटतो. ते नुकसान कंडिशनरने भरून येत नाही. नीट थर करून वाळवलेल्या कोटाला इस्त्रीची गरज क्वचितच पडते.

सेटरप्रेमी

शेवटची शंका. टॉवेल काढल्यावर पाठ उत्तम, पण मानेवर जिथे टॉवेलची कड होती तिथे आडवी वळी दिसते. पुढे केस उठलेले, मागे बसलेले. तसंच शेपटीच्या मुळाशी.

टॉवेलपिन

कड फार मागे थांबते म्हणून. पुढची कड कानांच्या अगदी मुळाशी न्या आणि आत दुमडू नका. दुमडलेली कड दुप्पट जाड असते, तिचीच वळी उठते. टॉवेलची शिवलेली किनार कापून टाकून तिथे नुसतं कापड ठेवलं तर आणखी बरं. मानेच्या बाजूला भोवरा असतो तिथे केस तीन दिशांना जातात. टॉवेलच्या आधी तेवढाच भाग ड्रायरने, भोवऱ्याच्या मध्यापासून बाहेर ब्रश करत, कोरडा करून घ्या आणि मग त्यावर टॉवेल आणा.

मागे टॉवेल शेपटीच्या मुळावर संपवू नका. चार बोटं पुढे शेपटीवर येऊ द्या, आणि शेपटीखाली पिन लावताना खाली न ओढता मागे ओढा. खाली ओढलं की पुठ्ठ्याच्या कडेला केस आडवे बसतात.

वळी पडलीच असेल तर बोटं पाण्यात बुडवून तेवढ्याच पट्टीवर मुळापर्यंत फिरवा, ब्रिसल ब्रशने पुढून मागे बसवा, वर तळहात दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने बोटांच्या फटींतून मंद हवा द्या. तळहात उचलायच्या आधी हवा थंडवर करा.